न झालेल्या रोगाची वंशावळ

ते सकाळी भेटल्यावर कोणाला नमस्कार करीत नसत. समोरच्याचा हात पालथा धरून, अंगठ्याने त्याच्या बोटांचे सांधे एकेक करून दाबीत आणि विचारीत, "पेन?" नाही म्हटले की हात सोडून पुढच्या माणसाकडे वळत. ओमानमधल्या दुक्मच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पावर वेल्डिंगचे मुख्य निरीक्षक म्हणून आलेल्या त्या कोरियन गृहस्थांची आणि माझी ओळख अशीच झाली. माझी दहाही बोटे दाबून झाल्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "ओल्ड. बट गुड." इतके निर्व्याज प्रमाणपत्र मला कित्येक वर्षांत कोणी दिले नव्हते.

हे लिहिताना मला राग आहे, हे आरंभीच सांगतो. सत्तरीला टेकलेल्या, नित्य संध्या करणाऱ्या माणसाला तो शोभत नाही, हेही मला ठाऊक आहे. तो शमावा म्हणून मी वर्षभर जप केला. तो शमला नाही. केवळ अधिक व्यवस्थित झाला.

बालपणी कोकणातल्या एका पाठशाळेत आठ वर्षे वेदाध्ययन केले, पुढे संस्कृत घेऊन पदवी मिळवली, आणि एवढ्या सामग्रीवर पोट भरत नाही असे दिसल्यावर टंकलेखन शिकून मस्कतला आलो. आयुष्य फायलींत गेले. दुक्मला मी डॉक्युमेंट कंट्रोलर होतो. म्हणजे प्रकल्पातला प्रत्येक कागद माझ्या हातून आत जाई आणि माझ्याच हातून बाहेर येई. सगळे मला पंडितजी म्हणत. ते नुसते 'पंडित' म्हणत, पण त्यात उणेपणा नव्हता. त्यांना एकाच शब्दात सगळे उरकायची सवय होती. वेल्ड चांगली असेल तर "स्लीप", म्हणजे आज झोप लागेल. वाईट असेल तर "खलास, कट." याखेरीज त्यांच्याकडून कोणत्याही वेल्डरने तिसरा अभिप्राय ऐकला नाही.

दुक्मला पहाटेचा वारा केबिनच्या पत्र्यांना धडका देऊ लागला की ते पायरीवर येऊन बसत, घड्याळ समोर ठेवीत आणि दोन्ही मुठी आवळीत नि सोडीत. मूठ पुरती आवळली जायला किती वेळ लागला, ते एका वहीत लिहीत. माझी संध्या त्याच सुमारास, शेजारच्या पायरीवर चाले. मी अर्घ्य देई, ते मुठी मोजीत. कामावर निघालेल्या माणसांना दोघांपैकी कोणाला अधिक हसावे हे ठरवता येत नसे.

कारण त्यांनी मला ओळख झाल्यावर पुष्कळ दिवसांनी सांगितले. त्यांच्या आजीची, आईची आणि मग थोरल्या बहिणीची बोटे ऐन उमेदीत सुजली, ताठली आणि हळूहळू एका बाजूला कलली. डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात आणि आमच्याकडे ज्याला ढोबळपणे आमवात म्हणतात, तो रोग. शरीराचे रक्षण करणारी शक्तीच सांध्यांवर उलटते. ते म्हणत, "ओन सोल्जर, ब्रेक ओन हाऊस." बहिणीच्या आजारपणात तिथल्या रुग्णालयाने त्यांचेही रक्त तपासले. कोरियन रुग्णांत वारंवार आढळणारा जनुकाचा एक प्रकार त्यांच्यातही निघाला. रोग मात्र नव्हता. तिथल्या डॉक्टरांनी त्यांना समजावून सांगितले होते, की हे जनुक असणारे बहुतेक लोक कधीच आजारी पडत नाहीत. संभव वाढतो, इतकेच. हे वाक्य ते मंत्रासारखे म्हणत. "मेनी पीपल हॅव. मोस्ट पीपल नो सिक." मी त्यांना विचारले, "मग रोज पहाटे मुठी कशाला मोजता?" ते म्हणाले, "पंडित, यू प्रे एव्हरी डे. एव्हरी डे गॉड ॲन्सर?"

धूम्रपानाने या जनुकाच्या माणसांत रोगाचा धोका आणखी वाढतो, असे त्यांना कळले होते. त्यामुळे त्यांच्या देखत कोणाला सिगारेट ओढता येत नसे. ते ती तोंडातून काढून घेत आणि बुटाखाली विझवीत. "गॅस इन पाइप, नो प्रॉब्लेम. यू ब्रिंग फायर, बिग प्रॉब्लेम." ओढणारा कोरियन आहे की बिहारी, याचा त्यांना विधिनिषेध नसे. एकदा त्यांनी प्रकल्प व्यवस्थापकाच्या ओठांतली सिगारेट शंभर कामगारांसमोर काढली. व्यवस्थापक आपल्या पुण्याचा, बोलायला गोड. तो सगळ्यांबरोबर मोठ्याने हसला. ते हसणे कुठे जमा झाले, हे मला पुढे कळले.

भोजनगृहातला आचारी देवगडचा होता. त्याला सगळे भाऊ म्हणत. कोरियन साहेब त्याची बोटे इतरांपेक्षा जास्त वेळ दाबीत आणि दरवेळी म्हणत, "गो डॉक्टर." भाऊ वैतागला.

"पंडितजी, हो कोरियन माझी बोटां कित्याक दाबता? मी काय बाजारातलां वांगां?"

"सकाळी कणीक मळताना दुखतात का, भाऊ?"

"दुकतत तर! रोज इतक्या जणांच्या चपात्यो लाटूच्या, मग काय गुदगुल्यो होतले? पण त्येंचो रोग कोरियातलो. आमका कसो होतलो?"

मी हे भाषांतर करून सांगितले तेव्हा साहेब प्रथमच माझ्यावर खेकसले. "इंडिया ऑल्सो हॅव! जीन टाइप डिफरंट, पेन सेम! व्हाय लाफ?" पुढच्या शुक्रवारी त्यांनी भाऊला स्वतःच्या गाडीत घालून मस्कतला नेले. सगळा दिवस गेला. निदान तेच निघाले, पण इतक्या आरंभीचे, की औषध सुरू झाले आणि भाऊची बोटे वाचली. तो आजही चपात्या लाटतो. त्या दिवसापासून साहेबांच्या ताटात त्याने न मागता दोन अंडी जास्त वाढली, आणि 'वांगां' हा शब्द पुन्हा काढला नाही.

आमचा खरा स्नेह जुळला तो वंशावळीवरून. त्यांच्या कुळाचे छापील पुस्तक होते, पंधरा-सोळा पिढ्यांचे. एकाच मूळ गावच्या, एकाच कुळाच्या मुलामुलींचे लग्न त्यांच्याकडे पूर्वी निषिद्ध मानीत. मी त्यांना गोत्र आणि प्रवर समजावले, तेव्हा ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "सेम! सेम!" पितरांना वर्षातून एकदा अन्न अर्पण करण्याची रीतही दोघांकडे होती. मीही माझी बारा पिढ्यांची वंशावळ अभिमानाने उलगडून दाखवली. त्यांनी ती बोट फिरवीत पाहिली आणि विचारले, "मदर व्हेअर?"

माझ्या वंशावळीत एकाही स्त्रीचे नाव नव्हते. त्यांच्या पुस्तकातही नव्हते. मुली जावयांच्या नावांखाली झाकलेल्या, सुना केवळ माहेरच्या कुळाने ओळखलेल्या. रोग मात्र अधिक करून स्त्रियांनाच झालेला. इतक्या शतकांचे पुस्तक हाताशी असून त्यांना हवे ते एकही नाव त्यात सापडत नव्हते. माझ्या बारा पिढ्या मी अनेक पंक्तींत मोठ्याने म्हणून दाखवल्या होत्या. त्यांतली उणीव दाखवायला कोरियातून वेल्डिंगचा निरीक्षक यावा लागला, याची लाज मला अजून वाटते.

मग त्यांनी सुट्टीच्या दिवशी म्हाताऱ्या मावश्यांना फोन करून नावे गोळा केली, आणि मला म्हणाले, "युवर हँड व्हेरी क्लीन. यू राइट." मी मोठ्या कागदावर त्यांच्या मातृकुळाचा वृक्ष काढला. जिला रोग होता तिच्याभोवती लाल वर्तुळ. सर्वांत खाली त्यांचे नाव, आणि त्यांच्याच सांगण्यावरून त्याभोवती अर्धे वर्तुळ: जनुक आहे, रोग नाही. खाली इंग्रजीत खुलासाही सुवाच्य अक्षरात लिहिला. एक प्रत त्यांनी घेतली. दुसरी, सवयीप्रमाणे, माझ्याकडे राहिली.

यानंतर जे घडले ते मी केले.

करार वाढवण्याच्या वेळी प्रत्येकाची वैद्यकीय फाइल माझ्यामार्फत मुख्य कार्यालयाकडे जाई. त्यांच्या फाइलीत 'कुटुंबातील आजार' हे पान कोरे होते. ते त्यांनी कोरे ठेवले होते, हे मला सुचले नाही. ते कोरे राहिले आहे, एवढेच मला दिसले. पाठशाळेत एक अक्षर गळले तरी गुरुजी संपूर्ण अध्याय पहिल्यापासून म्हणायला लावीत. अपूर्ण पाठ हा माझ्या मते असत्याचाच प्रकार होता. मी खणातली दुसरी प्रत काढली, घडी घातली, पानाला जोडली, आणि कर्तव्य केल्याच्या समाधानात फाइल पुढे पाठवली. त्यांची केबिन माझ्या टेबलापासून दहा पावलांवर होती.

त्याच आठवड्यात त्यांनी एका तेलवाहिनीवरचे बेचाळीस वेल्ड-जोड नाकारले होते. वरून पाहता ते निर्दोष होते. जोडांचे एक्स-रे काढल्याशिवाय सही करणार नाही, असे त्यांनी लिहून दिले. काम खोळंबले. व्यवस्थापकाला ते नको होते, पण काढायला निमित्त नव्हते. निमित्त मी घडी घालून पाठवले. चौथ्या दिवशी पत्र आले: सांध्यांच्या आनुवंशिक विकारामुळे प्रकल्पस्थळी काम करण्यास अयोग्य. तीन दिवसांत परतीचे तिकीट.

आखातात एका कंपनीच्या नोंदीत 'अयोग्य' लागले की पुढची कंपनी दार उघडत नाही. ते चौपन्न वर्षांचे होते, आणि वेल्ड तपासण्याखेरीज त्यांना दुसरे काही येत नव्हते.

मी व्यवस्थापकाकडे गेलो.

"या, या पंडितजी. बसा ना. चहा सांगू?"

"तो कागद फाइलीतून काढून द्या. त्यांना न विचारता मी लावला. ती माझी चूक आहे."

"चूक कसली? उलट थँक्स म्हणायला हवं तुम्हाला. तुमच्यासारखं रेकॉर्ड अख्ख्या ओमानात कोणी ठेवत नाही."

"त्यांना रोग नाही. खाली स्पष्ट लिहिले आहे."

"आज नाही. उद्या होईल. रक्तातच आहे म्हटल्यावर आपण काय करणार? तुम्ही तर एवढे शास्त्र शिकलेले. प्रारब्ध कोणाला चुकलंय का?"

तो शब्द त्याच्या तोंडून ऐकला आणि माझ्या अंगाची लाही झाली. प्रारब्ध हा शब्द मी ज्यांच्या पायाशी बसून शिकलो, त्यांनी तो स्वतःचे दुःख सोसण्यासाठी वापरला होता. दुसऱ्याला दुःख देऊन वर हात झटकण्यासाठी तो कोणत्याही शास्त्रात सांगितलेला नाही. संभव म्हणजे निश्चय नव्हे, हे तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळते. याला कळत नव्हते असे नाही. याला ते कळून घ्यायचे नव्हते.

मी म्हणालो, "तुमच्या वडिलांना हृदयविकार होता. काकांनाही होता. दोघेही साठीच्या आत गेले."

त्याचा चेहरा उतरला. "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुमचीही फाइल माझ्याकडेच आहे."

"धमकी देताय?"

"नाही. वाचून दाखवतो आहे. रक्तातच आहे, तर तुमचेही तिकीट काढायला सांगू का?"

त्याने समोरची फाइल मिटली. मग अत्यंत मृदू स्वरात म्हणाला, "पंडितजी, तुमचा व्हिसापण याच महिन्यात रिन्यूअलला आहे ना? वय झालंय आता. जपा."

आणि मी उठलो. हे मला लिहिलेच पाहिजे. मी उठलो, दार हलकेच लावून घेतले आणि माझ्या टेबलाशी जाऊन बसलो. पुढचे दोन दिवस मी फायलींना क्रमांक घातले.

ते निघाले त्या दुपारी कॅम्पच्या फाटकाशी बस उभी होती. वाळू उडत होती. चालकाने सामान आत टाकले आणि निघायची हाक दिली, "यल्ला, मिस्टर!" मी त्यांच्यापुढे जाऊन म्हणालो, "तो कागद मी लावला."

"आय नो," ते म्हणाले. "ओन्ली यू मेक लाइन सो स्ट्रेट."

मग त्यांचा आवाज चढला. एवढ्या मोठ्याने ओरडताना मी त्यांना कधी ऐकले नव्हते. "व्हाय नो आस्क? टेन स्टेप, पंडित! माय केबिन, टेन स्टेप! यू नो आस्क!" चालक इंजिन बंद करून पाहू लागला. मी खाली मान घातली. त्यांनी दम घेतला आणि वेल्डवर निकाल द्यावा तशा कोरड्या स्वरात म्हणाले, "आउटसाइड, ब्युटिफुल. इनसाइड, नो मेल्ट." वेल्डचा वरचा थर देखणा असतो, पण मुळाशी धातू वितळून एकजीव झालेलाच नसतो, तो जोड सर्वांत धोक्याचा, कारण तो पाहणाऱ्याला फसवतो. हे मला त्यांनीच शिकवले होते. ते बसमध्ये चढले. माझा हात त्यांनी हातात घेतला नाही.

बस दिसेनाशी झाल्यावर माझे धैर्य जागे झाले. इतके निरुपयोगी धैर्य मी दुसरे पाहिले नाही. मी प्रकल्पाच्या मालकांच्या प्रतिनिधीला पत्र लिहिले: बेचाळीस जोडांच्या नोंदी, तो कागद, तो कसा जोडला गेला, कोणी जोडला, कोणी वापरला. खाली सही केली. जोडांचे एक्स-रे काढले गेले. निम्म्याहून अधिक कापावे लागले. व्यवस्थापकाला अधिक मोठ्या प्रकल्पावर नेमण्यात आले. माझा व्हिसा वाढला नाही. मी मस्कतच्या अल हैल भागात मुलाकडे राहायला आलो, आणि त्याच्या प्रायोजकत्वावर राहतो.

सहा महिन्यांनी मी भीत भीत त्यांना फोन केला. त्यांनी उचलला.

"तब्येत कशी आहे?" मी विचारले.

"फिंगर ओके," ते म्हणाले. "जॉब नो."

दोन कंपन्यांनी त्यांना निवडले होते. दोन्हींनी जुन्या कंपनीकडे चौकशी केली, आणि दोन्हींनी मग कळवणे बंद केले. म्हणजे तो कागद अजून काम करीत होता. माझे अक्षर अजून काम करीत होते.

मी मस्कतमधल्या रुवीला, कंपनीच्या मुख्य कार्यालयात गेलो. खिडकीमागे एक मुलगी बसते. आपलीच, पण मस्कतलाच वाढलेली. तिने संगणकात पाहिले आणि म्हणाली, "अंकल, हा मेडिकल पेपर कॉन्फिडेन्शियल आहे. तो आम्ही असा काढू नाही शकत. ज्याचा पेपर आहे, त्याची कन्सेन्ट लागते."

"तो आत घेताना लागली नाही?"

"ते मला माहीत नाही आहे, अंकल."

मला क्षणभर तिथले टेबल उलथावेसे वाटले. आयुष्यात प्रथमच. एका माणसाच्या रक्तातली गोष्ट त्याच्या संमतीवाचून आत येते, वाचली जाते, परक्यांना सांगितली जाते, त्याची भाकर काढून घेते. आणि ती बाहेर काढायची म्हटली की यांना अचानक त्याच्या गोपनीयतेची आठवण होते! मी संमतीचा नमुना मागून घेतला आणि कोरियाला पाठवला. सोबत लिहिले, की आपली परवानगी असेल तरच पुढे जाईन. तीन आठवड्यांनी तो सही होऊन आला. समासात एकच ओळ होती. त्यांच्या इंग्रजीचा अर्थ असा, की या वेळी विचारलेत.

नमुना मी दाखल केला. त्याला आता आठ महिने झाले. दर वेळी नवे उत्तर: सही जुळवून पाहतो आहोत, विधी विभागाकडे आहे, साहेब सुट्टीवर आहेत, इन्शाल्ला पुढच्या आठवड्यात. मी दर रविवारी जातो; इथे तो कामाचा दिवस. मुलगा म्हणतो, "बाबा, राहू द्या आता. बीपी वाढेल." सून डबा देते. दहाच्या सुमारास मी तिथल्या खुर्चीवर बसतो आणि कार्यालय बंद होईपर्यंत बसतो. माझा जप होतो, त्यांचे काम होते, आणि कागद तिथेच राहतो.

गेल्या रविवारी त्या मुलीला माझी दया आली असावी. ती म्हणाली, "अंकल, तुम्ही किती दिवस येणार असे?"

"कागद बाहेर येईपर्यंत."

"पण तो मॅन तुमचा कोण लागतो?"

मी म्हणालो, "मी त्याचे नुकसान केले आहे, मुली."

ती उठली आणि प्रथमच आत, साहेबांच्या खोलीत गेली. दार अर्धवट उघडे राहिले. साहेब सुट्टीवर नव्हते. आतून स्पष्ट आवाज आला, "फिर वही बुड्ढा? बोल दो, साहब मीटिंग में है."

मुलगी बाहेर आली. तिने माझ्याकडे पाहिले नाही, खाली पाहत हळूच म्हणाली, "अंकल, सर मीटिंगमध्ये..."

मी डबा खुर्चीवर ठेवला, उपरणे सारखे केले, आणि त्या अर्ध्या उघड्या दारातून आत गेलो. कोणाला विचारले नाही.